कूलरमधल्या मासोळीचं बाळंतपण

माझं प्राणिशास्त्राचं सगळं ज्ञान आईच्या एका वाक्यात मावतं. सहावीत असताना गुरुजींनी घरी करायला दिलं होतं, अंडी घालणारे प्राणी एका बाजूला लिहा, पिल्लं देणारे दुसऱ्या बाजूला. आम्ही तेव्हा गावी राहायचो. आई म्हशीखाली धार काढायला बसली होती आणि मी पाटी घेऊन तिच्यामागे उभा. तिनं मान न वळवता सांगितलं, "ज्याचे कान भाइर दिसतेत, ते पिल्लू देते. ज्याचे कान दिसत नाहीत, ते अंडं देते. एवढ्यासाठी शाळा कायले लागते गा?"

मी लगेच पडताळा घ्यायला निघालो. म्हशीला कान होते. बकरीला होते, मांजरीला होते, कोठीतल्या उंदरालाही होते. कोंबडीला नव्हते, पालीला नव्हते. बेडकाचे कान शोधण्यात माझा बराच वेळ गेला आणि शेवटी तो कंटाळून निघून गेला. वटवाघळापाशी आई चुकणार असं मला वाटत होतं, कारण ते उडतं. पण एक मेलेलं वटवाघूळ चिंचेखाली सापडलं आणि त्याला चांगले मोठे कान निघाले. त्या दिवसापासून मी पुस्तकाकडे फारसं पाहिलं नाही. दहावीपर्यंत याच एका नियमावर तरलो. बाकीचे मार्क कुठून आले, ते मला अजूनही सांगता यायचं नाही.

आता मी कोराडीच्या वसाहतीत राहतो आणि वीज केंद्राच्या भांडारात काम करतो. गंमत म्हणजे काम वर्गीकरणाचंच आहे. कुठला नट कुठल्या कप्प्यात, कुठलं रबर कुठल्या मांडणीवर, हे मी झोपेतही सांगू शकतो. घरी मात्र माझा शर्ट कुठल्या कपाटात आहे ते बायकोला विचारावं लागतं. घरात आम्ही चौघं. मी, बायको, गावाहून कायमची राहायला आलेली आई, आणि सहावीत शिकणारी लेक. आईचा कानांचा नियम मी लेकीला ती दुसरीत असतानाच देऊन टाकला होता. घरचा दागिना पुढच्या पिढीला द्यावा तसा. तिनं तो तपासून घेतला आणि एक दिवस आजीला विचारलं, "आजी, देवमाशाला तर कान नाहीत, तरी तो पिल्लू देतो."

"तो कोठी राह्यते?" आईनं विचारलं.

"समुद्रात."

"मग त्याचं त्यानं पाहावं. कोराडीतलं सांग."

तर कोराडीतलं सांगायचं तर गोष्ट कूलरपासून सुरू होते. मार्च संपत आला की आमच्या वसाहतीत घरोघरी कूलर बाहेर निघतात. बाजूच्या जाळीदार ताट्यांमधलं जुनं गवत उपसायचं, नवीन वुडवूल, म्हणजे लाकडाचा कीस, भरायचं, टाकीला रंग मारायचा, मोटर घासायची. हे काम दरवर्षी मीच करतो आणि दरवर्षी टाकी गळते. यंदा आरोग्य विभागाची दोन माणसं वसाहतीच्या बागेतल्या हौदात गप्पी मासे सोडायला आली. गप्पी डासांच्या अळ्या खातात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बोटाच्या पेराएवढे मासे वळवळत होते. मी दहा-बारा घरासाठी मागून घेतले. देताना त्यातला एक म्हणाला, "काका, कूलरसाठी नेत असाल तरी टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करायचीच." मी मान हलवली. मी मासे नेत होतो ते टाकी कोरडी करावी लागू नये म्हणूनच.

पहिल्याच दिवशी एक मासा मोटरमध्ये ओढला गेला, नळीतून वर चढला आणि ताटीवरून टपकून जिवंत परत टाकीत पडला. आई समोर खाटेवर पडली होती. ती उठून बसली आणि शांतपणे म्हणाली, "बाबू, तुया कूलरमधून मासोळ्या पडून राहिल्या." मग मी मोटरला बायकोच्या जुन्या साडीचा तुकडा गुंडाळला. साडी जुनी आहे हे माझं मत होतं. बायकोचं मत तिनं संध्याकाळी सांगितलं.

पण मासे मजेत राहिले. जगायला त्यांना काय लागतं, तर पाणी, पाण्यात हवा, अंगाला सोसेल इतकी ऊब, आणि खायला. ताट्यांवरून पाणी सारखं झिरपत टाकीत पडायचं, त्यामुळे हवा आपोआप मिसळत होती. खायला अळ्या होत्याच, आणि त्या संपल्यावर लेक पोळीचा चुरा टाकायची. आणि गारवा म्हणाल तर मे महिन्यात कोराडीत आमच्या कूलरच्या टाकीइतकी गार जागा दुसरी नव्हती. आमच्या वाट्याला नुसती हवा यायची. अख्खा कूलर त्यांचा होता.

लेकीनं त्या मे महिन्यात दुसरं काहीच केलं नाही. शाळेला सुटी, बाहेर पाय ठेवायची सोय नाही. ताटी थोडी सरकवून टॉर्च घेऊन ती टाकीपाशी बसायची. नर कोणते आणि मादी कोणत्या ते तिनंच आम्हाला शिकवलं. नर लहान, चपळ, शेपटीवर नारिंगी-निळे ठिपके. मादी मोठी, राखाडी, पोटाची, काही न मिरवणारी. "म्हणजे आपल्या घराच्या उलट," बायको माझ्या पोटाकडे पाहत म्हणाली.

एका दुपारी शेवटी टाकीचा वास येऊ लागला म्हणून मला ती रिकामी करावीच लागली. मासे पांढऱ्या टबात काढून गॅलरीत सावलीला ठेवले आणि मी टाकीत डोकं घालून शेवाळ खरवडत बसलो. मागून लेकीची हाक आली. "बाबा. बाबा, इकडे या. हळू या."

मोठ्या राखाडी मासोळीच्या पोटाखालून काहीतरी बाहेर येत होतं. मला वाटलं घाण असेल. पण ते टबाच्या तळाकडे घसरलं, क्षणभर पडून राहिलं, मग दुमडलेलं अंग सरळ केलं आणि पोहायला लागलं. दोन काळे डोळे आणि त्यांना चिकटलेली एक काडी, एवढंच ते पिल्लू होतं. थोड्या वेळानं दुसरं आलं. मग तिसरं. मी खरवडणी हातात धरून उकिडवा बसलो होतो आणि गुडघे दुखताहेत हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

"अंडं नाही टाकलं तिनं," लेक म्हणाली. "सरळ पिल्लूच आलं. तुम्ही पाहिलं ना?"

"पाहिलं."

आईला बोलावलं. ती चष्मा लावून टबावर वाकली. "हिचे कान कोठी हायेत?"

"नाहीत ना आजी. तेच तर."

"थांब वं, नीट पाहू दे." आईनं नीट पाहिलं. तेवढ्यात अजून एक पिल्लू आलं. आईनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत लावला. एवढ्या वर्षांचा तिचा नियम, म्हशीपासून वटवाघळापर्यंत कुठेही न हललेला, पांढऱ्या टबात पडला होता, आणि मला वाटलं आता ती चिडेल. ती म्हणाली, "असते एखादी बाई. घरच्या रीतीत नाही बसत. तिले बाळंतपणाचं काही खायले द्या."

खायला द्यायची गरज पडली नाही, कारण मासोळी वळली आणि आपलंच एक पिल्लू तिनं गिळलं. लेक किंचाळणार होती, पण तिनं तसं न करता स्वयंपाकघरात धाव घेतली, चहाची गाळणी आणली आणि एकेक पिल्लू गाळून पातेल्यात टाकलं. तेरा वाचली. त्या संध्याकाळी चहा कशातून गाळायचा यावर घरात चर्चा झाली. त्यातले बायकोचे शब्द मी इथे देत नाही.

पावसाळा लागला, कूलरवर कापड बांधलं गेलं, आणि मासे गॅलरीतल्या एका कापलेल्या ड्रममध्ये राहायला गेले. पुढच्या महिन्यात आणखी एक बाळंतपण झालं, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी एक. लेक भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची. मी एकदा त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजाही टाकली. भांडारातल्या सहकाऱ्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, घरी बाळंतपण आहे. तो दचकला. "तुमच्या घरी? या वयात?" मी म्हटलं, "मासोळीचं." त्यानं पुढे काही विचारलं नाही. पण दुपारी चहाला सगळ्या विभागाला माहीत झालं होतं.

ऑगस्टमध्ये घटक चाचणी झाली. विज्ञानाचा पेपर घरी आला तेव्हा लेकीनं तो दप्तरातून काढलाच नाही. बायकोला डबा काढताना तो सापडला. शेवटचा प्रश्न होता, मासा अंडज आहे की जरायुज, कारण द्या. अंडज म्हणजे अंड्यातून जन्मणारा, जरायुज म्हणजे पिल्लू म्हणूनच आईच्या पोटातून बाहेर येणारा. लेकीनं लिहिलं होतं, "मासा जरायुज आहे. कारण तो पिल्लांना जन्म देतो. मी पाहिलं आहे."

त्यावर लाल फुली होती. 'मी पाहिलं आहे' याखाली लाल रेघ आणि पुढे एक प्रश्नचिन्ह. खाली सूचना, "मासा अंडज आहे, कारण तो अंडी घालतो. पाच वेळा लिहून पालकांची सही आणावी."

"मी नाही लिहून राहिली," लेक म्हणाली.

मी समजुतीच्या सुरात सुरुवात केली. असा सूर लावला की माझं कोणी ऐकत नाही, हे मला अनुभवानं माहीत आहे, पण दुसरा सूर मला येत नाही. "अगं, मॅडमना सगळ्या माशांबद्दल म्हणायचं आहे. रोहू, कतला, बाजारातला. ते अंडीच घालतात."

"प्रश्नात रोहू नव्हता. मासा होता. मी जो मासा पाहिला, तो लिहिला."

"पाच वेळा तर लिहायचं आहे. दोन मिनिटांचं काम."

"मग तुम्ही म्हणा ना पाच वेळा, की मी काही पाहिलं नाही."

आई कोपऱ्यात भाजी निवडत होती. "काहून तिच्या मांगं लागून राहिला गा? पोरीनं पाह्यलं, मीनं पाह्यलं, तूनं पाह्यलं. मॅडमनं नाही पाह्यलं. खोटं कोन बोलून राह्यलं मग?"

"खोटं कोणी नाही बोलत आई. पण शाळा आहे ती."

"तुले लहानपणी शाळेची भीती होती," आई म्हणाली. "मले वाटलं गेली असंन."

दुरुस्ती लिहिल्याशिवाय वही तपासली जाणार नव्हती. एवढंच असतं तर मी फारसं मनावर घेतलं नसतं. पण चार दिवस गेले आणि माझ्या लक्षात आलं की लेक शाळेतलं काही सांगत नाही. एरवी तिच्या बडबडीनं जेवणं लांबायची. आज काय विचारलं, कोणी काय उत्तर दिलं, मॅडमच्या डब्यात काय होतं. आता ती मुकाट जेवून उठायची. शेवटी बायकोनं विचारलं, वर्गात हात वर करतेस की नाही. ती म्हणाली, "नाही. मला माहीत असतं ते चुकीचं असू शकते."

हे तिनं रडून सांगितलं असतं तर मी सावरलो असतो. तिनं ते अगदी साधेपणानं सांगितलं.

आणि मग मी जे केलं ते सांगायला मला आजही थोडी लाज वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली असताना मी तिची वही काढली आणि तिच्या अक्षरात, डावीकडे झुकलेल्या, 'स'च्या पोटाला गाठ मारणाऱ्या तिच्या अक्षरात, ते वाक्य पाच वेळा लिहिलं. खाली स्वतःची सही ठोकली. मला वाटलं होतं, वही तपासली जाईल, सगळं आपोआप मिटेल, आणि तिला लिहावंही लागणार नाही. बापाच्या डोक्यातून निघालेली सोय.

ती आंघोळ करून आली, दप्तर भरताना वही उघडली, आणि उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. वही मिटली आणि टेबलावर ठेवून दिली. दप्तर उचललं आणि त्या वहीशिवाय शाळेत गेली.

"काय झालं?" बायकोनं विचारलं. मी वही दाखवली.

बायकोनं वाचलं. "तुम्ही अक्षर छान काढलंत," ती म्हणाली. "पण तुम्हीही पाहिलं होतं ना हो?"

आईला वाचता येत नाही. तिला बायकोनं सांगितलं. आईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी बकरी की कोंबडी, हे तिला ठरवता येत नसावं.

संध्याकाळी मी लेकीसमोर बसलो आणि ते पान फाडलं. तिनं विचारलं, "माझं अक्षर तुम्हाला येते?"

"तुझ्या लहानपणापासून पाहतोय."

"मग दुसऱ्या कोणाचं लिहा. माझं नका लिहू."

मी कबूल केलं. मग विचारलं, आता काय करायचं. तिनं आधीच ठरवलेलं होतं. शनिवारी पालकांची सभा होती. कॅलेंडरवर मोठ्या मासोळीचे दिवस भरत आले होते. "तिला घेऊन जायचं," ती म्हणाली. "मॅडमना दाखवायचं. मग मॅडम सांगतील ते लिहीन."

"आणि तिथे तिचं बाळंतपण नाही झालं तर?"

"तर मॅडम म्हणतील ते आणि मी पाहिलं ते, दोन्ही तिथेच राहील. पण तुम्ही सांगाल ना, की तुम्ही पाहिलं?"

मी हो म्हटलं. भरल्या वर्गात, शिक्षिकेसमोर, चाळीस पालकांदेखत सांगायचं, म्हणून मी त्याच रात्री एक वाक्य पाठ करायला घेतलं. माझं वय पन्नाशीला टेकलं आहे आणि अजून कोणा शिक्षकानं नाव घेतलं की मी उभा राहतो.

शनिवारी लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत मासोळी भरली. बरणीला तेलाचा वास राहू नये म्हणून आईनं ती राखेनं तीनदा घासली. निघताना आई म्हणाली, "पोटुशी हाय ते. गड्ड्यातून नेऊ नको." मी स्कूटर काढली, लेक मागे बरणी छातीशी धरून बसली. कोळशाच्या ट्रकांच्या त्या रस्त्यावर मी आयुष्यात इतक्या हळू कधी गेलो नव्हतो. सायकलवाले मागे टाकून जात होते. प्रत्येक गतिरोधकाआधी मागून आवाज यायचा, "बाबा, आला." एका ट्रकवाल्यानं बाजूनं जाताना खिडकीतून बरणी पाहिली आणि विचारलं, "क्या है भैया, अचार?" लेकीनं उत्तर दिलं, "पेशंट है."

वर्गात पालकांची रांग होती. मॅडम तरुण होत्या, थकलेल्या दिसत होत्या, टेबलावर पेपरांचा गठ्ठा. आमचा नंबर आला तेव्हा त्यांनी आधी बरणीकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

मी तोंड उघडलं. मी पाठ करून आलेलं वाक्य होतं, ते आलंच नाही. लेक माझ्याकडे पाहत होती. मग मी म्हटलं, "मॅडम, हिनं जे लिहिलं ते तिनं खरंच पाहिलं आहे. आमच्या कूलरमध्ये. तिच्या आजीनं पाहिलं, मीही पाहिलं. तीनदा." मागच्या रांगेतले एक गृहस्थ खोकले. पण लेकीनं बरणीवरची पकड जरा सैल केली, ते मला दिसलं.

मॅडम रागावल्या नाहीत. "उत्तरपत्रिकेत अंडज आहे," त्या म्हणाल्या. "मी तशीच तपासली. साठ पेपर असतात हो. आणि खरं सांगू का, मी वनस्पतीवाली. फुलाबद्दल विचारलं असतं तर तिथल्या तिथे सांगितलं असतं." त्यांनी आम्हाला मागे बसायला सांगितलं. "सगळे गेले की पाहू."

आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. बरणी मधे. मासोळीनं पिल्लू देण्याची काहीही घाई दाखवली नाही. ती बरणीत गोल गोल फिरत राहिली.

सगळे गेल्यावर मॅडमनी प्रयोगशाळेच्या कपाटातून एक जाडजूड पुस्तक आणलं. धूळ फुंकली, अनुक्रमणिकेवर बोट फिरवलं, पान काढलं आणि मनात वाचलं. मग पुन्हा वाचलं. "इकडे ये," त्यांनी लेकीला बोलावलं. "हे बघ. तुझा मासा अंडी करतो, पण बाहेर घालत नाही. ती पोटातच राहतात, पोटातच फुटतात, आणि मग पिल्लं बाहेर येतात. याला अंडजरायुज म्हणतात. म्हणजे मी लिहिलं तेही तुझ्या माशाला पूर्ण लागू नाही, आणि तू लिहिलंस तेही पूर्ण बरोबर नाही. शिवाय तू एक मासा पाहून सगळ्या माशांबद्दल लिहिलंस."

लेकीनं यावर विचार केला. "हो," ती म्हणाली. "ते माझं चुकलं. मी 'हा मासा' लिहायला पाहिजे होतं."

मला इतकं हलकं वाटलं की मी उठायच्या तयारीला लागलो. मॅडमनी तिच्यापुढे वही सरकवली. "मग आता दुरुस्ती हीच लिही. गप्पी माशाच्या पोटात अंडी असतात, ती आतच फुटतात आणि पिल्लं बाहेर येतात. पाच वेळा."

लेकीनं पेन घेतलं. टोपण काढलं. मग पेन खाली ठेवलं.

"मॅडम, पिल्लं बाहेर आलेली मी पाहिली. पण पोटातलं अंडं मी नाही पाहिलं."

मी डोळे मिटले. डोळे उघडून पाहतो तर त्या पुस्तकाकडे पाहत नव्हत्या, बरणीकडे पाहत होत्या.

"मीही नाही पाहिलं," त्या म्हणाल्या.

त्यांनी बरणी उचलली आणि खिडकीच्या कट्ट्यावर, उन्हाच्या तिरिपेत ठेवली. पाण्यानं भरलेली गोल बरणी, त्यामुळे मासोळी जवळून दुप्पट दिसायला लागली. आम्ही तिघंही वाकलो. शेपटीकडे पोटाचा एक भाग काळसर आणि पातळ होता. त्यातून ऊन आरपार येत होतं. मासोळी फिरायची, ऊन सुटायचं, पुन्हा यायची. मॅडमची वेणी पाण्यात पडली, ती त्यांनी न पाहता मागे टाकली.

"थांबली," लेक कुजबुजली.

मासोळी खरंच थांबली, अंगाच्या एका बाजूला ऊन घेत. पातळ कातडीमागे बारीक काळे ठिपके होते. दोन दोन. जोडीजोडीनं.

"डोळे आहेत," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज शिकवतानाचा नव्हता.

"चार जोड्या दिसून राहिल्या," लेक म्हणाली. "पाच. पण टरफल नाही दिसत."

"या अंड्यांना टरफल नसतं. नुसती पातळ पिशवी. ती इतकी पातळ की इथून दिसायची नाही."

"म्हणजे पुस्तकात आहे, पण आपल्याला नाही दिसलं."

"नाही दिसलं," मॅडमनी मान्य केलं.

लेक बाकावर जाऊन बसली आणि लिहू लागली. पाच वेळा लिहून तिनं वही आणून दिली. मॅडमनी वाचली आणि माझ्याकडे सरकवली. तिच्या डावीकडे झुकलेल्या अक्षरात पाच ओळी होत्या आणि पाचही सारख्या.

"पुस्तकात लिहिलं आहे की गप्पी माशाच्या पोटात अंडी असतात. मी आणि मॅडमनी पोटात डोळे पाहिले. अंडं अजून पाहिलं नाही."

मॅडमनी 'अजून' याखाली रेघ मारली. यावेळी प्रश्नचिन्ह काढलं नाही. पेपरावरच्या फुलीशेजारी त्यांनी अर्धा गुण लिहिला आणि म्हणाल्या, "पूर्ण नाही देता येणार. एकाच माशावर सगळे मासे ठरवलेस."

"हो," लेक म्हणाली. "अर्धाच बरोबर आहे."

मग मी सही केली. परतीच्या वाटेवर मी तसाच हळू स्कूटर चालवत होतो आणि मागे लेक बोलत होती. मॅडमच्या वेणीपासून सुरुवात करून, मधल्या दिवसांत वर्गात कोणी काय चुकीचं सांगितलं आणि तिनं काय सांगितलं असतं, ते सगळं. वसाहतीचं फाटक आलं तरी तिचं संपलं नव्हतं, म्हणून मी एक फेरी आणखी मारली.